खार मोठी होईपर्यंत

बळीरामाने बांबू छपराच्या कवेलूंखाली घातला आणि जोर लावून फिरवला. आधी धूळ पडली, मग एक फुटका कवेलू, आणि त्याच्यामागून खारीचं घरटं अंगणात येऊन आदळलं. घरटं कसलं, चोरीचा मालच तो. लाल, हिरवं, काळं, जांभळं असं गल्लीतल्या झाडून साऱ्या मागांवरचं सूत त्यात निघालं.

"पाहा," तो बायकोला म्हणाला. "माह्या लुगड्याच्या काठाचं सूत."

कांता सूत बघायला वाकली आणि तशीच मागे सरकली. सुतात तीन पिल्लं होती. दोन पडल्या पडल्याच संपली होती. तिसरं बोटाएवढं, बिनकेसाचं, डोळे मिटलेलं, तोंड उघडून कुणाला तरी शोधत होतं. त्यांची आई आदल्या दिवशीच मांजरीने उचलली होती आणि गल्लीतल्या बायांनी बरं झालं म्हणून बोलूनही दाखवलं होतं.

तांडापेठेतली माणसं तशी भाविक. खारीच्या पाठीवर रामाची बोटं उमटली आहेत, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण तेव्हा तिथे घरोघर हातमाग होते आणि खार ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे कुरतडते. ताण्यात चार धागे तुटले की विणकराचा दिवस ते जोडण्यात जातो. तेव्हा राम देवळात आणि खार बांबूच्या टोकाला, अशी वाटणी सगळ्यांनी गुपचूप करून टाकली होती.

प्रेमिला चरख्यावरून उठून बाहेर आली. खाली बसली आणि तिसरं पिल्लू तिने तळहातावर घेतलं.

"टाक ते," बळीराम म्हणाला.

"जिवंत आहे, दादा."

"मरते आता."

"मेल्यावर टाकीन."

बहिणीने असं तोंडावर उत्तर दिल्याचं बळीरामाला आठवत नव्हतं. त्याने बांबू भिंतीला टेकवला. प्रेमिला पिल्लू पदरात घेऊन आत निघून गेली.

ती संक्रांतीनंतर उमरेडहून आली होती. छोट्या रुळांच्या आगगाडीने, एकटी, बगलेत एक गाठोडं आणि डावं मनगट सुजलेलं. नवऱ्याने, जागेश्वरने, मागाची काठी घालून ते मोडलं होतं. हे तिने आल्या दिवशी एकदा सांगितलं. पुन्हा कुणी विचारलं नाही आणि तिने पुन्हा सांगितलं नाही. मनगट वाकडं बसलं, पण चरखा फिरवता येत होता. दादाच्या दोन्ही मागांच्या धोट्यांत घालायच्या सुताच्या कांड्या ती एकटी भरत होती. दादाने "राहा" म्हटलं नव्हतं. "जा" असंही म्हटलं नव्हतं. ह्या दोहोंच्या मध्ये जेवढी जागा होती तेवढ्यात ती राहत होती, आणि ती जागा किती दिवसांची हे तिला ठाऊक होतं. सासरची माणसं येतील, नारळ-लुगडं आणतील, वहिनी ओटी भरेल, आणि आपल्याला उमरेडच्या गाडीत बसवून देतील. समाजात पोरी अशाच येत आणि अशाच परत जात.

पिल्लाला तिने कांड्यांच्या टोपलीत चिंध्या घालून ठेवलं. शेजारच्या मैनाबाईकडून शेळीचं दूध आणलं, त्यात पाणी घातलं. आता ते पाजायचं कसं? मागावरून कापून टाकलेल्या ताण्याचे उरलेले तुकडे कोपऱ्यात पडले होते. त्यांची तिने वात वळली, दुधात बुडवली आणि पिल्लाच्या तोंडाला लावली. पिल्लू चोखायला लागलं. तिला इतका आनंद झाला की कांड्या भरायच्या राहून गेल्या आणि बळीरामाचा माग खोळंबला.

"काम सोडून काय करून राहिली वं?" तो ओरडला.

"येते, पेऊ दे त्याले."

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पिल्लू थंड पडलं, तोंड लावेना. मागून घाण वाहत होती. प्रेमिलाने त्याला हातात घेतलं, फुंकर घातली, चोळलं. ती रडत नव्हती, पण दात असे आवळले होते की कांताने तिच्याशी बोलायचं टाळलं.

बळीराम जेवायला उठला होता. जाता जाता थांबला. वाटीतली वात त्याने उचलून चिमटीत चुरडली, नाकाशी धरली.

"हे कुठलं सूत?"

"कोपऱ्यातलं. मागावरचं उरलेलं."

"पाजणीचं, खळ लावलेलं आहे ते," बळीराम म्हणाला. "खळीत मोरचूद घालतो ना आपण, कीड लागू नये म्हणून. तू त्याले जहर चारून राहिली."

प्रेमिलाने वाटी उचलून दूध बाहेर ओतलं. जन्मल्यापासून ती खळीचा वास घेत आली होती. सकाळी गल्लीभर ताणा पसरून त्यावर कुंचा फिरवताना तिचेच हात मोरचुदाने निळे होत. तरी सूत दिसलं की ते हातात घ्यायचं, एवढंच तिला सुचलं होतं.

"विणकराच्या घरची पोर तू," बळीराम म्हणाला आणि आत गेला. जेवायला मात्र बसला नाही. कोऱ्या लडीतलं, अजून खळीला न लागलेलं सूत त्याने तोडून आणलं, चुलीवरच्या उकळत्या पाण्यात टाकलं, पिळलं आणि तिच्यासमोर ठेवलं. "साधं पाणी पाज आधी. गूळ घालून. दूध उद्या."

"वाचते का, दादा?"

"मले काय माहीत. खार आहे ते, पाहुणी थोडीच आहे," तो म्हणाला. मग ताटावर बसला.

पिल्लू वाचलं.

पाडवा झाला आणि उमरेडहून पाहुणे आले. सासरे देवाजी आणि हे लग्न जुळवणारे रुपरावकाका. जागेश्वर आला नाही. चहा झाला, उन्हाच्या गोष्टी झाल्या, सुताच्या टंचाईच्या झाल्या.

"किती दिवस माहेरी राहते बाई? चाल आता," देवाजी म्हणाले.

प्रेमिलाने टोपली आणून त्यांच्यासमोर ठेवली. पिल्लाच्या अंगावर आता लव आली होती आणि पाठीवरचे पट्टे ओळखू येत होते.

"याचे डोळे नाई उघडले अजून, मामाजी. घडीघडीनं दूध पाजा लागते. मी आली तं मरते हे."

रुपरावकाका हसले. "खारीसाठी कोणी संसार अडवते का वं?"

"रामाची खार आहे, काकाजी. दर कार्तिकात रामटेकले जाता तुम्ही दोघंबी. मारून ये म्हणता का? म्हणा तसं. आत्ता टाकते अन् येते."

हे ती आवाज चढवून बोलली नाही, पण दारात जमलेल्या बायांना ऐकू जाईल असं बोलली. देवाजींचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला.

"मारा काहून लागते? संग घेऊन चाल."

"चालते ना. पण तुमच्या घरी चार माग आहेत. दात आले का ताणे कुरतडन हे. मंग मले बोल लावू नका."

देवाजी रामाचे भक्त होते, पण त्याच्या आधी विणकर होते. चार मागांवरचे चार ताणे त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिलेले साऱ्या घराला दिसले. त्यांनी रुपरावकाकांकडे पाहिलं. काका चहाच्या रिकाम्या कपात पाहत होते.

"बरं," देवाजी म्हणाले. "डोळे उघडेपर्यंत राहा."

दोघं गेल्यावर कांता तोंडाला पदर लावून हसली. बळीराम मागासमोर पाय सोडायच्या खड्ड्यात उतरला, पण बराच वेळ त्याने धोटा हलवला नाही.

अक्षय तृतीयेला पाहुणे पुन्हा आले. डोळे उघडले होते. प्रेमिलाने दाखवलं की दात आत्ताशी येताहेत, दाणा फोडता येत नाही, कावळा एका झपाट्यात नेईल. पोरीचं बाळंतपणसुद्धा इतकं लांबत नाही, असं रुपरावकाका कुरकुरले. पण एकदा मान्य केलेली गोष्ट अर्ध्यावर मोडणं देवाजींना जमेना. खारीला झाडावर चढता येईपर्यंत मुदत मिळाली. गल्लीला आता ह्या खटल्याची गोडी लागली होती. पोरंसोरं खारीला शेंगदाणे आणून देत, आणि ज्या मैनाबाईने खारीची आई मेल्यावर समाधान मानलं होतं, ती दुधाची वाटी न मागता आणून ठेवी.

खार घरभर फिरायला लागली. बळीरामाच्या खांद्यावरून मागाच्या दोरीवर उडी मारायची, तेव्हा तो शिव्या द्यायचा. एकदा तिने खरंच ताण्याचे धागे तोडले. प्रेमिला धास्तावून उभी राहिली. बळीरामाने खाली मान घालून धागे जोडले आणि संध्याकाळी मागावर टाकायला जुनी चादर शोधून काढली.

मग खार दारासमोरच्या कडुनिंबावर जायला लागली. आधी बुंध्यापर्यंत, मग पहिल्या फांदीपर्यंत. पहिल्यांदा तिला प्रेमिलानेच उचलून झाडावर ठेवलं होतं. कांताला ते पाहवेना.

"येडी आहे का तू?" ती हळूच म्हणाली. "पायाले सूत बांध तिच्या. इथंच राहीन. ती आहे तोवर तुले कोणी नेत नाई."

हे प्रेमिलाला सुचलं नव्हतं असं नाही. रोज सुचत होतं. खार शेंड्याकडे गेली की ती हातातलं काम टाकून दारात यायची, आणि ती कावळ्याच्या भीतीने येत नव्हती, हेही तिला कळत होतं.

"बांधूनच ठेवाची होती तं वाचवली काहून, वहिनी?" ती म्हणाली.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला खार एका दुपारी गेली ती परत आली नाही. कडुनिंबावर खारी पुष्कळ होत्या. त्यांतली आपली कोणती हे प्रेमिलाला चारेक दिवस ओळखता आलं, नंतर येईना.

ह्या वेळी तिघे आले. जागेश्वरही होता. नवा सदरा घालून, भिंतीला टेकून, पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसला. देवाजींनी पिशवीतून नारळ आणि लुगडं काढून पाटावर ठेवलं. गल्ली दाराशी येऊन उभी राहिली, पण आज कुणी हसत नव्हतं. खार गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं.

"खार कुठं आहे?" देवाजींनी विचारलं.

प्रेमिला बोलायच्या आत मागाच्या खड्ड्यातून आवाज आला.

"आहे," बळीराम म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्याने डोकं वर केलं नव्हतं.

"दिसत नाई ते," रुपरावकाका म्हणाले.

"झाडावर गेली. रातचं येते. दूध पेते अजून."

"एवढी मोठी खार दूध पेते?"

"पेते," बळीराम म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. हा माणूस बाजारात लुगड्याची लांबी वीतभर जास्त सांगू शकत नसे. तो आज गल्लीदेखत, समाजातल्या दोन वडीलधाऱ्यांपुढे, धडधडीत खोटं बोलत होता. दारातली मैनाबाई म्हणाली, "हाओ, मीच देते ना दूध." मग आणखी कुणीतरी हुंकार भरला.

सासरहून आल्यापासून जे ऐकायची ती वाट पाहत होती, ते दादाने असं आडून सांगितलं होतं. गप्प राहिली असती तर पावसाळा निघाला असता, कदाचित दिवाळीसुद्धा. देवाजी भोळे होते. पण दर वेळी दादाला मान खाली घालून खोटं बोलावं लागलं असतं. आणि तिला दर वेळी एका खारीच्या मागे लपावं लागलं असतं.

ती उठून पुढे आली.

"राहू दे, दादा," ती म्हणाली. "खार गेली, मामाजी. केव्हाचीच गेली. आता येत नाई."

देवाजींचा चेहरा खुलला. त्यांनी पाट तिच्याकडे सरकवला. "मंग झालं तं. घे हे लुगडं. संध्याकाळच्या गाडीनं निघू."

"मी येत नाई."

"आता काहून?"

"काहून ते यायले विचारा." तिने जागेश्वरकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. "ते नाई सांगत तं मी सांगते. मागाच्या काठीनं माहं मनगट मोडलं यायनं. डोळे मिटून होती तोवर मार खाल्ला. आता खात नाई."

दारातल्या बायांनी पदर सावरले. बाईमाणसाने ही गोष्ट चारचौघांत बोलायची नसते, असं त्यांच्यापैकी प्रत्येकीला कधी ना कधी कुणीतरी सांगितलेलं होतं. देवाजींनी मुलाकडे पाहिलं, मग लुगड्याकडे. नंतर त्यांनी तिला ओलांडून, पुरुषाने पुरुषाशी बोलावं तसं, मागाकडे तोंड केलं.

"बळीराम, हे तुही बहीण असं बोलून राहिली. घर तुहं आहे. तू सांग गा."

"हाओ, बळीराम," रुपरावकाका म्हणाले. "समाजात तोंड दाखवा लागते आपल्याले. सांग."

बळीरामाने दोरी ओढली. धोटा धावला. माग खटखटायला लागला, एकदा, दोनदा, मग सलग. रुपरावकाकांनी आणखी काही म्हटलं, पण ते पलीकडे पोचलं नाही. ते आवाज वाढवून बोलले, तर बळीरामानेही हाताचा वेग वाढवला. छोट्या घरात दुसरं काही ऐकू येईना. थोड्या वेळाने देवाजी उठले आणि नारळ, लुगडं पुन्हा पिशवीत भरायला लागले.

पाहुणे उंबऱ्यावर पोचले तेव्हा माग थांबला. धोट्यातली कांडी अजून अर्धी भरलेली होती. तरी बळीरामाने मान न वळवता हात मागे केला.

"प्रेमिला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कांडी दे. अन् दुसऱ्या मागालेबी भरून ठेव. उद्या, परवा, रोजच लागतीन."