पालथा तळहात

बत्तीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. तिथल्या धडधडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचं, नाहीतर हातांनी सांगायचं. आता कान जवळजवळ कामातून गेले होते आणि हा भोंगा बहुतेक हातांनीच वाजत असे.

कोळशाचं वीजकेंद्र बंद होणार होतं. त्यासाठी कुठल्या कुठल्या बँकांनी मिळून निधी उभारला होता. कामगारांना वाऱ्यावर सोडणार नाही, असं पत्रकात छापलं होतं; वर चित्र मात्र पवनचक्कीचं. जो वीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांचं काम शिकेल त्याला वर्षभर पगार आणि पुढे त्याच कामावर नोकरी. ज्याला नको असेल त्याने तीन महिन्यांचा पगार घेऊन घर गाठायचं. भोंग्याला शिकायचं होतं. नीट हो म्हणा, असं बायकोने निघताना दोनदा बजावलंही होतं.

कॅन्टीनमध्ये टेबल मांडून निधीच्या मॅडम बसल्या होत्या. बाई भली, प्रत्येकाला सगळं समजावून सांगत होती, पण अगदी हळू आवाजात. शेवटी तिने विचारलेलं भोंग्याला ओठांवरून कळलं: प्रशिक्षण घेणार ना? त्याने तळहात पालथा धरून छातीसमोर दोनदा आडवा फिरवला. बॉयलरवर या खुणेचा अर्थ एकच. ज्वाळा स्थिर आहे, असंच चालू द्या.

मॅडमचा चेहरा जरा उतरला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सहीची जागा दाखवली. चष्मा घरी राहिला होता. त्याने सही केली.

घरी बायकोने शिलाई मशीन थांबवून काय झालं म्हणून विचारलं. त्याने तीच खूण केली. तिला ती लग्नापासून पाठ होती. ती हसली, कागद कपाटात ठेवायला उठली आणि उभ्यानेच वाचू लागली. मग तिने चष्मा आणून त्याच्या हातात दिला.

'प्रशिक्षण स्वेच्छेने नाकारले.' खाली सही त्याचीच.

"उद्याच जा," ती त्याच्या कानाशी ओरडली. "तुम्ही माझी खूण चुकीची समजलात, असं सांगा त्यांना."

त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. निर्णय बदलता येणार नाही, असं तिथे लिहिलं होतं. राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच आलं नाही.

"अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

सवयीने हात छातीशी आला, पालथा झाला. त्याने तो दुसऱ्या हाताने धरला आणि मांडीवर ठेवला.