मॉरिसच्या दारातला आवाज

शामकांत मास्तरांना या सगळ्या खटाटोपातून मिळवायचं होतं ते एवढंच: सासऱ्यांचं मौन. बेलापूर ते संगमनेर या वाटेत मार्तंडरावांनी ‘डबा’ हा शब्द एकदाही काढला नाही, की मास्तर भरून पावले. एकाहत्तर साली त्यांनी जुनी मॉरिस गाडी घेतली, तेव्हा सासरे न बघताच म्हणाले होते, “जावईबापूंनी डबा आणला म्हणे.” आता दिवाळीला ते यायचे होते, आणि दमयंतीबाईंनी हौसेनं कळवूनही टाकलं होतं, “बाबा, हे बेलापूर स्टेशनवर गाडी घेऊन येतील.”

दारांचे आतले पुठ्ठे उंदरांनी संपवले होते. त्या जागी मास्तरांनी घरीच पत्रे कापून बसवले. पत्रा कुठला? गोड्या तेलाच्या डब्यांचा. सासऱ्यांचा शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं खरा केला. खड्डा आला की चारी दारं ‘ढब्’ म्हणत.

दूध घालायला येणारा रंगनाथ ठोकाठोक ऐकून फाटकातच थांबला.

“मास्तर, लगीन कुनाचं हाय?”

“का रे?”

“न्हाई, ताशा लई जोरात चाललाय.”

मास्तर भूगोलाचे. उंचवटा दिसला की ठोकून सपाट करायचा, एवढंच त्यांना सुचे. पुढच्या डाव्या दाराचा फुगवटा त्यांनी इथं बसवला की तिथं उठे. ठोकावं तसा पत्रा पसरे, आणि पसरलेला पत्रा आणखी फुगे.

शेवटी दमयंतीबाईंनी लग्नातल्या ट्रंकेचं झाकण आपटलं.

“अहो, लग्नापासून आपटतेय मी हे. कधी ढब् म्हणालंय?”

मास्तरांनी वाकून पाहिलं. झाकणावर रंगवलेली फुलं, कडा दुमडलेल्या, मधून दोन लांब उंचवटे उठवलेले. आणि आपले पत्रे पाटीसारखे सपाट! त्यांनी पाटाच्या काठावर धरून पत्र्यांच्या कडा दुमडल्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घड्या उठवल्या. तीन दारं मुकी झाली. चौथं, पुढचं डावं, ठोकून ठोकून पार ताणलेलं. ते काही ऐकेना. सासरे बसणार नेमके तिथंच.

मास्तरांची नजर ट्रंकेकडे वळली.

“हात तर लावून बघा!” दमयंतीबाई म्हणाल्या.

“बाबा पुढंच बसणार.”

बाईंनी झाकणावरून पदर फिरवला. माहेरी हसं व्हायचं ते त्यांचंही होतं. “फुलांची बाजू आत घाला मग.”

पण तसं बसवलं की उंचवटे दारात उतरणाऱ्या काचेला अडत. म्हणून फुलं बाहेरच, बसणाऱ्याच्या बाजूला राहिली, आणि त्यांच्यावर घाईत हिरव्या रंगाचा एक हात बसला.

बेलापूर सोडल्यावर पहिला खड्डा आला. मार्तंडरावांनी कान टवकारले. काही नाही. त्यांनी दाराला टिचकी मारली. पुन्हा मारली. मागच्या सीटवर दमयंतीबाईंनी श्वास धरून ठेवला होता. लोणी गावाच्या अलीकडे ऊन तिरपं झालं आणि हिरव्या रंगाखालून अक्षरं वर आली: ‘चि. सौ. दमयंतीस, बाबांकडून.’

मार्तंडरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“पत्रा दणकट आहे हो, जावईबापू.”

“आपलाच आशीर्वाद.”

“दुकानदाराला तेव्हाच बजावलं होतं मी, जाड दे म्हणून.”

मग संगमनेरपर्यंत ते पत्र्याचं कौतुक करत होते. स्वतः दिलेल्या वस्तूला डबा कोण म्हणेल? म्हणजे मौन मिळालं मास्तरांना, तेही बडबडीसकट. झाकण गेलं दमयंतीबाईंचं. उघड्या ट्रंकेवर त्यांनी जुनं लुगडं पांघरलं. किंमत मात्र मार्तंडरावांनी भरली होती, लग्नातच, आगाऊ.