मला काठोकाठ भरू नका!

मी उदगीरचा निळा ड्रम बोलतोय. अर्धा ड्रम म्हणा हवं तर, कारण माझी मान कापलीय. पण रडगाणं गायला नाही बोलत. सध्या मी भलताच खुशीत आहे!

कारखान्यातून मी आलो तो थेट किराणा दुकानदार गुरुपादप्पांच्या घरी. आमच्याकडे नळ आला की नुसती धांदल उडते. हंडे, कळश्या, बादल्या, पातेली, सगळं भरायचं. त्यांच्या पत्नी उमादेवी यांना तर रिकामं भांडं बघवतच नाही. मला त्यांनी कधी कोरडा ठेवला नाही.

मग त्यांच्या लेकीने, अंजूने, बैठकीत माशांची मोठी टाकी मांडली. खालच्या कपाटात काचेची दुसरी टाकी, तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी पाइपातून सम्पमध्ये उतरतं, गाळलं जातं आणि मोटर ते पुन्हा वर चढवते. लाइट असेपर्यंत झकास! लाइट गेली की मोटर बंद, पण वरून पाणी येतच राहायचं. सम्प पडला लहान. पाणी सगळं फरशीवर.

दुसऱ्यांदा सतरंजी भिजली तेव्हा उमादेवी कडाडल्या, "आता एक डाव जरी घरात पाणी झालं, तर मासे मामाच्या हिरीत सोडून येते बघ!"

अंजूचा चेहरा उतरला. नखाएवढे आणलेले मासे तिने तळहाताएवढे केले होते.

"अप्पा, सम्प वाढवू," ती म्हणाली, आणि बापलेकींनी माझ्याकडे पाहिलं! त्यांनी मला सम्पच्या उंचीला कापलं, बुडाशी भोक पाडून निपल, म्हणजे पाइप जोडायची छोटी नळी, बसवली आणि कपाटाशेजारी ठेवून पाइपाने सम्पला जोडलं. आता आम्हा दोघांत पाणी एकाच पातळीला राहणार होतं. निम्म्यापर्यंत पाणी, वरची जागा मोकळी. लाइट गेली की वरून येणारं पाणी तिथे मावणार. माझा तर ऊर भरून आला.

दुसऱ्याच सकाळी नळ आला. उमादेवी नळी घेऊन फिरत फिरत माझ्यापाशी आल्या आणि हाताच्या सवयीने मला काठोकाठ भरून मोकळ्या झाल्या! सम्पही भरला. मी ओरडणार तरी कसा?

"अव्वा! काय करायलीस?" अंजू धावत आली. "ते रिकामं पाहिजे!"

"रिकामं? घरात भांडं रिकामं ठेवतेत का कुणी?"

"आता लाइट गेली तर गेले माझे मासे!"

उमादेवींनी लेकीच्या डोळ्यांत पाणी पाहिलं आणि पदर खोचला. "अहो, बादली आणा!" त्यांनी नवऱ्याला हाक मारली. तिघंही माझ्यावर तुटून पडले. माझं पाणी न्हाणीघरात गेलं, कुंड्यांत गेलं, दुकानापुढच्या सड्याला गेलं. पातळी निम्म्यावर आली न आली, तोच डोक्यावरचा पंखा थांबला.

लाइट गेली!

वरचं पाणी खळखळ उतरू लागलं. सम्प चढला, मीही चढलो. काठाला चार बोटं उरली आणि पाणी थांबलं. फरशी कोरडी! मला गडगडत घरभर फिरावंसं वाटलं, पण पाइपाने धरून ठेवलं होतं.

"राहू दे गं तुझे मासे," उमादेवी म्हणाल्या आणि हसतच खाली बसल्या.

म्हणून सांगतो, माशांच्या टाकीशेजारी माझ्यासारखा कुणी अर्धवट भरलेला दिसला, तर दया येऊन त्यात पाणी ओतू नका. तो आपलं काम करतोय. परवा नळ आला तेव्हा पाहुण्या आलेल्या जाऊबाईंनी नळी माझ्याकडे वळवली, तर उमादेवींनीच त्यांचा हात धरला.

"त्याला नको," त्या म्हणाल्या. "त्यात आमच्या अंजूचे मासे हायत."

माझ्यात एकही मासा नाही. पण निम्मा रिकामा राहिलो, झालं तर!