अप्पांचा टाका

आमच्या अप्पांनी केलेला हुक आजवर कधी सुटलेला नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतेय.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं शेड आहे. उसाच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला जोडायचे हुक आम्ही करतो. मैंदर्गीपासून वळसंगपर्यंत कुणालाही विचारा, वीरभद्रप्पांचा हुक म्हटलं की माणूस नुसती मान हलवतो. चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत जातील, ड्रायव्हर सिद्धरामेश्वराचा धावा करेल, पण हुक सोडणार नाही. एकदा एकाचा ट्रॅक्टर ओढ्यात गेला, तर मागच्या दोन्ही ट्रॉल्या इमानानं त्याच्या मागोमाग ओढ्यात गेल्या. अप्पा ही गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगतात. ड्रायव्हरचं पुढं काय झालं ते मात्र सांगत नाहीत. त्याचा पाय मोडला होता. दवाखान्यात डबा मीच नेत होते, म्हणून मला माहीत.

मी महेश्वरी, थोरली. शेडचं ऑफिस मी बघते, म्हणजे फोन घेते, गाड्या लावते आणि अप्पांचा राग झेलते. माझाही राग काही कमी नाही, त्यामुळं दिवस बरा जातो. माझ्या पाठचा गुरुशांत. तो याच शेडमध्ये लोखंडाचा कीस उडवत वाढला, डिप्लोमा केला आणि कोकणातल्या एका जहाजांच्या यार्डात नोकरीला लागला. आपल्या घरात कुणी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलं नाही, ह्याला समुद्र कशाला पाहिजे, असं अप्पांनी एकदाच विचारलं. त्यानंतर दोघांचं बोलणं अव्वामार्फत. अव्वा म्हणजे आमची आई, गुरम्मा. "तुझ्या लेकाला सांग," असं अप्पा म्हणायचे, जसा काही गुरू तिनं एकटीनंच मंगळवारच्या बाजारातून आणला होता.

तर ह्या गुरूनंच मागल्या वर्षी काम आणलं. त्यांच्या यार्डात टग बांधत होते. टग म्हणजे बंदरात मोठ्या जहाजांना दोर लावून ओढणारी बोट. दिसायला ठेंगणी, पण अंगात रेड्याचं बळ. तिच्यासाठी हुक पाहिजे होता, आणि इतकं जाड पोलाद नीट हाताळणारा माणूस गुरूला एकच माहीत होता. त्यानं यार्डात शब्द देऊन टाकला आणि मग मला फोन करून म्हणाला, "अक्का, अप्पांना तू विचार की." शब्द ह्यानं द्यायचा आणि विचारायचं मी. मी त्याला फोनवरच झाडला, आणि मग विचारलं.

गुरू ड्रॉइंग घेऊन घरी आला. जेवणं चालू होती, तिथंच ताटं सरकवून त्यानं कागद पसरला. अप्पांनी बघितल्या बघितल्या चूक काढली. हुक बोटीच्या पोटात, म्हणजे मधोमध, काढला होता. हुक शेपटीला असतो, एवढंही शिकवत नाहीत का कॉलेजात, असं ते अव्वाला म्हणाले. गुरू शांतपणे म्हणाला, शेपटी धरून ठेवलेला बैल वळेल का? टगला सारखं वळावं लागतं. दोर मागच्या टोकाला बांधला तर टोक अडकून पडतं आणि बोट वळतच नाही. म्हणून हुक पोटाशी, तोही एका अर्धगोल पट्टीवर सरकणारा. जहाज डावीकडं गेलं की हुक डावीकडं सरकायचा, बोट आपली मोकळी. अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ चावला. हे त्यांना पटलं होतं.

मग गुरूनं दुसरी गोष्ट सांगितली. पूर्ण ताण असताना एका माणसानं दोरी ओढली की हुक उघडला पाहिजे.

अप्पांनी ताट बाजूला सारलं. ओढता ओढता सोडायचा, तर मग ओढायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. हे काम आपलं नव्हे, कुठल्या दारू पिणाऱ्याकडून करून घ्या म्हणाले. गुरू समजावत राहिला. जहाज कधी आपल्याच तालात भलतीकडं जातं, दोर टगच्या कुशीवर आडवा येतो, आणि टग आडवी पडते. आतल्या माणसांना बाहेर यायला सवड मिळत नाही. त्या वेळी हुक सुटला तरच माणसं वाचतात.

"अप्पा, ट्रॅक्टर उचलला की ड्रायव्हर उडी मारतो," गुरू म्हणाला. "हितं उडी मारून जायचं कुटं?"

अव्वानं तेवढ्यात विचारलं की ती दोरी ओढायला कोण उभा राहणार. गुरू म्हणाला, चाचणीला मीच असणार. अव्वाच्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. अप्पांनी ड्रॉइंगची गुंडाळी केली आणि उशाशी घेऊन झोपले.

हुक त्यांनी केला, आणि काय केला! मी रागीट असले तरी आंधळी नाही. आमचा जुना वेल्डर कल्लप्पा आणि अप्पा, दोघं महिनोन्महिने त्याच्याभोवती बाळंतिणीसारखे बसलेले असायचे. तपासणीला यार्डाचे साहेब आले. जॅक लावून ताण दिला, दोरी ओढली, आणि हुक तोंड उघडून मोकळा झाला. साहेब खूश. अप्पा मात्र त्या क्षणी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. आपलं लेकरू पाहुण्यांसमोर धडपडल्यावर आईबाप बघतात ना दुसरीकडं, तसं.

आता आमच्या शेडची एक रीत आहे. कुठलाही हुक गाडीत चढवायच्या आधी त्याची पूजा होते. विभूतीचे तीन पट्टे, बेलाचं पान, नारळ. आणि मग अप्पा स्वतः वेल्डिंगचा होल्डर हातात घेऊन हुकाच्या पिनीच्या डोक्यावर शेवटचा टाका मारतात, म्हणजे वाटेत हादऱ्यानं पिन निघायला नको. म्हणायला टाका, पिनीचं डोकं गोल फिरून पार झाकून टाकतात. टाका मारताना हुकाला म्हणतात, "आता सुटका न्हाय." हा त्यांचा आशीर्वाद. मग सगळे हात जोडतात, मी पेढे वाटते.

टगच्या हुकाचीही पूजा झाली. त्या दिवशी अव्वासुद्धा शेडमध्ये आली होती. मी व्हिडिओ काढला. अप्पांनी टाका मारला, आशीर्वाद दिला, आम्ही हात जोडले, गाडी कोकणात गेली. कुणाला काहीच वाटलं नाही. टाका मारला नसता तर उलट वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात वळसंगच्या एकाच्या ट्रॉलीचा हुक निघायचा होता. गुरूची चाचणी नेमकी त्याच सकाळी, म्हणून अव्वा घरी देवापुढं बसलेली. इकडं शेडमध्ये मी पेढ्यांचा बॉक्स फोडत होते. अप्पांनी होल्डर टेकवला, ठिणग्या उडाल्या, आणि ते म्हणाले, "आता सुटका न्हाय."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलेय. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा अर्थ कानात शिरला आणि मी पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला. मी विचारलं, "अप्पा, टगच्या हुकाला टाका मारला होता ना तुम्ही?"

"सगळ्यांनाच मारतो की," अप्पा अभिमानानं म्हणाले. आणि मग त्यांचा होल्डर धरलेला हात हळूहळू खाली आला.

दोरी ओढली की जी पिन फिरते आणि हुक उघडतो, त्याच पिनीच्या डोक्यावर तो टाका होता. मग अप्पाच सारवासारव करायला लागले. बारका होता म्हणाले. एवढ्या ताणाला तुटून जाईल म्हणाले. यार्डातली माणसं काय बिनडोक असतात का, बघतील की म्हणाले. आणि कल्लप्पाकडं बघितलं, त्यानं हो म्हणावं म्हणून.

कल्लप्पा जमिनीकडं बघत म्हणाला, "मालक, तुमचा टाका तुटत न्हाय."

मग मात्र माझं डोकं सटकलं. सुटत नाही, सुटत नाही म्हणून उभा जन्म मिरवलात, आता पोटचं पोरगं त्याला बांधलंय, आता मिरवा, असं मी सगळ्यांसमोर बोलले. आणखीही बोलले, ते इथं सांगत नाही. बोलताना मला रडू येत होतं, कारण मला भीती वाटत होती. गुरूला मी कडेवर घेऊन वाढवलंय. अप्पांनी मला कानडीत गप्प बसायला सांगितलं, पण आवाजात दम नव्हता. मी गुरूला फोन लावला, तर त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. मला वाटलं, आता हा माणूस लाजेपायी फोन बंद करतोय. मी हिसकावणारच होते.

"माझा टाका हाय," ते म्हणाले. "मीच सांगतो."

रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही. अप्पांनी पुन्हा लावला. त्यांच्या एका हातात अजून वेल्डिंगचा मोजा होता, तो काढायचं भान नव्हतं. कल्लप्पानं पंखा बंद केला, आवाज नीट यावा म्हणून. पुन्हा रिंग गेली, पुन्हा कुणी नाही. पुढच्या वेळी उचलला. स्पीकरवर आधी इंजिनाची घरघर आली आणि मग गुरूचा आवाज, "अक्का, आता नको, आमी तयारीत हाय."

"मी बोलतोय," अप्पा म्हणाले.

पलीकडं नुसती घरघर. गुरू त्या नोकरीला लागल्यापासून अप्पांनी त्याला पहिल्यांदा फोन केला होता. घरात कुणी गेलं की काय, असं त्याला वाटलं असणार.

"गुरू, ती दोरी ओढू नको. जहाज लावू नका. म्या पिनीवर टाका मारलाय. हुक सुटायचा न्हाय." अप्पांनी फोन तोंडाजवळ धरला. "चूक माझी हाय. तुझ्या साहेबाला सांग, वीरभद्रप्पाची चूक हाय म्हणून."

अप्पांच्या तोंडून हे शब्द आम्ही कधी ऐकले नव्हते. कल्लप्पानं तोंड फिरवलं. मी अप्पांकडं बघितलं तर ते एकदम म्हातारे दिसले मला.

गुरू म्हणाला, "अप्पा, टाका कवाच कापलाय. हुकाची पेटी आली त्या दिवशीच."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? तुमी मारल्याशिवाय ऱ्हाणार व्हय? पेटी उघडायच्या आधीच ग्राइंडर मागवून ठेवला हुता." मागं कुणीतरी त्याला हाक मारली. "तुमाला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाय. आता फोन ठेवू नका. ऐका."

त्यानं फोन बहुतेक खिशात टाकला, कारण आवाज दबका झाला. इंजिन चढत गेलं. कुणीतरी ओरडून काहीतरी विचारलं, गुरूनं ओरडून उत्तर दिलं. मी अप्पांचा तो मोजा घातलेला हात धरून उभी होते. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा एक दणका झाला, इतका मोठा की इकडं कल्लप्पा दचकला. त्यानंतर खूप माणसांचा एकदम गलका झाला. बुडणाऱ्यांचा की हसणाऱ्यांचा, कळायला मार्ग नाही. आम्ही तिघं त्या फोनकडं बघत राहिलो.

"सुटला, अप्पा," गुरूचा आवाज आला. "टग जराशी पण कलली न्हाय."

मी खाली पेढ्यांच्या बॉक्सशेजारी बसकण मारली. अप्पा उभेच होते. आता पोराला चांगलं काहीतरी बोलतील, शाबास म्हणतील, निदान जेवलास का विचारतील, असं मला वाटलं.

अप्पांनी विचारलं, "कापायला चकत्या किती लागल्या?"

"तीन," गुरू म्हणाला. "तिसरी पण पुरी झिजली."

अप्पांनी फोन मला परत दिला. "तीन," ते कल्लप्पाला म्हणाले. दुपारी चहावाल्यालाही सांगितलं, संध्याकाळी शेजारच्या शेडवाल्यालाही. हुक सुटल्याचं मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ते मी घरी जाऊन अव्वाला सांगितलं. अव्वा म्हणाली, पोरगं कोरडं आहे ना, बास.

यार्डानं मग तसाच आणखी एक हुक मागवला. तो निघायच्या दिवशी गुरू रजेवर घरी आला होता, अप्पांनी त्याला "तू" म्हणून, समोरासमोर पूजेला बोलावलं. विभूती लावली, बेल वाहिला, गुरूनं नारळ फोडला. आणि अप्पांचा हात आपोआप होल्डरकडं गेला. त्यांनी तो पिनीच्या डोक्यावर टेकवला. ठिणगी उडाली नाही. त्यांनी परत टेकवला. मग हळूच मान वर करून त्यांनी माझ्याकडं बघितलं. वेल्डिंग मशीनचा फ्यूज काढून मी सकाळपासून पर्समध्ये ठेवला होता.

गुरू दुसरीकडं बघायला लागला. शेडमध्ये सगळे हात जोडायला थांबलेले, आशीर्वाद झाल्याशिवाय हात जोडायचे कसे, असा घोळ झालेला. अप्पांनी होल्डर खाली ठेवला. हुकाच्या गार पोलादावर तळवा ठेवला, गुरूकडं एकदा बघितलं, आणि हुकाला म्हणाले,

"वेळेला सोड रे बाबा."