चेहरा स्थिर: होय / नाही

तिने पेशंटच्या नाकावरच्या पट्टीचं टोक ओल्या कापसाने भिजवलं आणि अलगद उचललं. त्याबरोबर तिच्या भुवयाही वर गेल्या. तिने त्या घाईघाईने खाली आणल्या.

खुर्चीत रेलून बसलेल्या पोस्टातल्या बाई डोळे गच्च मिटून होत्या. दारापाशी मोठ्या सिस्टर उभ्या, हातात तिच्या परीक्षेचा फॉर्म. फॉर्मवर सात रकाने. हात धुणं, टाके काढणं, पू ओळखणं असले सहा तिने केव्हाच पार केले होते. गाडं अडलं होतं सातव्यापाशी. ‘चेहरा स्थिर: होय / नाही.’

पट्टी सुटली की पेशंट आरसा मागत नाही, आधी सिस्टरच्या तोंडाकडे बघतो. म्हणून प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात सिस्टरच्या तोंडावर काही म्हणजे काही दिसता कामा नये. समोर सूज असो, काळंनिळं असो, सिस्टर आपली भिंत.

चिमणी (सगळा वॉर्ड तिला याच नावाने हाक मारायचा) यात दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा एका काकांच्या पापण्यांची पट्टी काढताना तिच्या तोंडून “अगं बाई!” निसटलं आणि काकांना घेरी आली. दुसऱ्यांदा एका मुलीची भाजलेली हनुवटी इतकी सुरेख बरी झालेली दिसली, की हिचेच डोळे भरून आले. ते पाहून मुलीच्या वडिलांनी बाहेर जाऊन डॉक्टरांची कॉलर धरली. आता तिसरी आणि शेवटची संधी. हुकली, तर कायमची रवानगी स्टोअरमध्ये, चादरींच्या राखणीला.

म्हणून महिनाभर घरी सराव चालला होता. भाऊ म्हणाला, “ताई, मला नोकरी लागली!” ही भिंत.

“आई, हिचं डोकं फिरलंय.”

“डोकं नाही रे, कुणाच्या तरी प्रेमात पडलीय.”

त्यावरही ही भिंत. आईची तर खात्रीच पटली.

आदर्श अर्थातच मोठ्या सिस्टर. कपाळावर एक रेघ नाही. एकदा त्यांच्या मागे छताचा पंखा कोसळला तेव्हा त्या वळून “पंखा पडला” म्हणाल्या आणि गोळ्या वाटत पुढे गेल्या. त्या रागावल्यात की गंमत करतायत, कुणालाच कळायचं नाही. मागच्या आठवड्यात “आज लवकर घरी जा” म्हणाल्या, तेव्हा हे बक्षीस की हकालपट्टी याचा विचार करत चिमणी कपडे बदलायच्या खोलीत तासभर बसून राहिली होती.

शेवटची पट्टी सुटली. बाईंनी डोळे उघडले आणि थेट तिच्या तोंडाकडे पाहिलं.

चिमणी भिंत.

“काय झालं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे... सूज उतरायला वेळ लागतो.”

“अशा काय बघताय हो? माझी आई गेली तेव्हा डॉक्टर असेच बघत होते!” बाईंनी मान वळवली. “मोठ्या बाई, तुम्ही तरी खरं सांगा.”

“छान झालंय,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. पंखा पडला म्हणाल्या होत्या तशाच.

“बघा! यांचंही तेच!” बाईंनी खांद्यावरचा टॉवेल ओढून डोक्यावरून घेतला. आतून आवाज आला, “माझं जुनं नाक द्या परत. वाकडं होतं, पण माझं होतं. वीस वर्षं शिक्के मारताना चष्मा घसरायचा, घसरू दे मेला!”

चिमणीने दाराकडे पाहिलं. मोठ्या सिस्टरांच्या चेहऱ्यावर थांब होतं, चालू ठेव होतं, की तू संपलीस होतं? काही कळेना. टॉवेल हुंदक्यांनी हलत होता. तिने हातातला चिमटा खाली ठेवला आणि बाईंसमोर उकिडवी बसली.

“मावशी, इकडे बघा ना.”

टॉवेलची एक कड वर झाली.

“अहो, किती सरळ झालंय! चष्मा दीड महिना लावायचा नाही, पण नंतर बघा, जागचा हलणार नाही!” भुवया, गाल, डोळे, सगळं एकदम सुटलं. महिनाभर कोंडलेलं, भावाच्या नोकरीचं हसूसुद्धा त्यातच निघालं.

बाई त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला. “आणा तो आरसा.” पाहिलं आणि हसल्या. “आई गं, दुखतंय की!”

त्या गेल्यावर मोठ्या सिस्टरांनी दार लावलं. खोलीत पेनाचा आवाज तेवढा.

“स्टोअरमध्ये कधीपासून जाऊ?” चिमणीने विचारलं.

फॉर्म तिच्यापुढे आला. सातव्या रकान्यात ‘नाही’वर खूण. खाली ‘पास’ आणि सही.

“सिस्टर, हे... नाही आणि पास?”

“नाहीच होता स्थिर. मग काय खोटं लिहू? पण पेशंट हसत घरी गेला.” मोठ्या सिस्टर पेशंटच्या खुर्चीत बसल्या. “तुला काय वाटतं, मी मन मारून भिंत झाले? दर सहा महिन्यांनी शिकाऊ डॉक्टरांची नवी बॅच येते. त्यांना चेहऱ्याचे स्नायू गोठवणारं बोटॉक्स टोचायला शिकायचं, तर कुणाचं तरी कपाळ लागतं. माझं देते. आठ वर्षं झाली.”

“आणि तो सातवा रकाना?”

“मोठ्या डॉक्टरांनी घातला. माझ्याकडे बघून.”

चिमणीला हसू आलं. मग यावर हसावं का, असं वाटलं. मग दोन्ही एकदम.

“या खेपेची पोरं जरा उत्साही निघाली. ओठांच्या कडांनाही टोचून गेली.” त्यांनी आरसा उचलला, क्षणभर पाहिलं आणि पालथा ठेवला. “चिमणे, जरा नीट बघ. मी आत्ता हसतेय का?”

चिमणीने पाहिलं. अगदी जवळ जाऊन पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

मोठ्या सिस्टर तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, पट्टी सुटलेला पेशंट बघतो तशा.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “दिसलं उत्तर.”