बिनमुलाम्याचा आरसा

मी आरसा बोलतोय. पण माझ्यात बघून आजवर कुणी भांग पाडलेला नाही. पाडायला गेलात तर जवळून तुमचं तोंड भोपळ्याएवढं दिसेल आणि लांबून उलटं. चेहरे दाखवणं माझं कामच नव्हे. दुर्बिणीच्या नळीच्या तळाशी मी तोंड वर करून बसतो आणि आभाळातून येईल तो उजेड गोळा करून परत पाठवतो.

मला घडवलं एका चष्मेवाल्याने. दिवसभर दुकानात लोकांचे नंबर जुळवायचे आणि संध्याकाळी मागच्या अंगणात, पत्र्याच्या पिंपावर, मला घासायचं. आम्ही काचेच्या दोन जाड चकत्या होतो, दोन्ही सपाट. एक खाली, मी वर, मध्ये खरखरीत भुकटी आणि पाणी. घासता घासता तो पिंपाभोवती फिरायचा. अशा घासण्यात वरची काच खोलगट होत जाते, खालची फुगते. खालच्या भावाने पाठ दिली म्हणून मला ओंजळ मिळाली.

"घाण्याचा बैल झालास रे," त्याची थोरली बहीण दारातून म्हणायची. "बैल फिरला तर निदान तेल तरी निघतं."

"थांब ताई, यातून तुला शनी काढून दाखवतो."

"नको बाबा. आहे ती साडेसाती पुरे आहे."

आई गेल्यावर या ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. थट्टा करायची, पण शनी बघायची तिला मनापासून हौस होती. मी घासून, घोटून तयार झालो. कारखान्यातून माझ्यावर चांदीसारखा मुलामा चढवून आणला. तरी हा म्हणायचा, "अजून जरा बाकी आहे, ताई." आज नळी हलते, उद्या तिवईचा पाय डुगडुगतो. स्वतः बघायचा, तिला दाखवायचा नाही. तिला पहिल्याच नजरेला बिनचूक शनी दिसावा, हा त्याचा हट्ट.

मग ताईचं जायचं ठरलं. लेकीकडे, समुद्रापार, कायमचं. निघायच्या आदल्या दिवशी आभाळ लख्ख होतं. आता 'बाकी आहे' म्हणायला जागा उरली नव्हती.

म्हणून दुपारी त्याने मला नळीतून काढलं. माझ्यावर धूळ बसली होती. धुळीने माझं काही अडत नाही, पण चष्मेवाल्याला धूळ सहन होते का? समोरच्याच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून पुसणारा माणूस तो. दुकानात चिकट काचा धुतात तसं त्याने सोड्याचं कोमट पाणी केलं आणि मला त्यात बुडवून ठेवलं. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे जपलेला असतो. माझा पुढच्या अंगाला, उघड्यावर, आणि सोडा तो खातो. हाताच्या सवयीपुढे नेमकं एवढंच तो विसरला.

पाणी करडं झालं. त्याने मला वर काढलं, तेव्हा माझ्यातून आरपार त्याला स्वतःच्याच हातावरच्या रेषा दिसल्या.

तो मला मांडीवर घेऊन पायरीवर बसला. बॅग भरता भरता ताई बाहेर आली.

"काय झालं?"

"संपलं, ताई. मुलामा धुऊन गेला. आता तुला दाखवायला काही राहिलं नाही."

तिने मला उचललं, उताणं धरलं, बोट फिरवलं. "खळगा तर आहे की अजून."

"नुसत्या खळग्याने काय होतंय?"

"कल्हई गेली म्हणून भांडं फुटतं का रे? लाव जागेवर. मला उद्या जायचंय."

"अंधूक दिसेल गं."

"तुझ्या हातचा चष्मा लावूनही मला अंधूकच दिसतं. लाव म्हणते ना!"

दिवेलागण झाली. नळी शनीकडे वळली आणि त्याचा उजेड आला. सूर्यापासून निघालेला उजेड शनीपर्यंत गेलेला, तिथल्या बर्फाच्या कड्यांवर आदळून माघारी वळलेला. एवढ्या अथांग पोकळीत कुठेही न चुकता तो या अंगणात, दोरीवरच्या ओल्या चादरीपलीकडे, माझ्या ओंजळीत उतरला. बहुतेक सगळा माझ्यातून आरपार निघून गेला. जो थोडासा हाती लागला, तो मी जिवापाड सांभाळून वर पाठवला.

ताईने स्टुलावर बसून नळीला डोळा लावला.

"दिसतंय का? फार मंद आहे ना?"

"गप रे." मग हळूच, "याला खरंच कडं आहे. नळीत चित्र नाही ना चिकटवलंस?"

"नाही गं."

"मग हे असं आपलं आपण लटकतंय? खालून कुणी धरलेलं नाही?" आणि एकदम, "अरे, सरकलं! पळालं बघ!"

"ते नाही, ताई. आपण फिरतोय. हे अंगण, घर, सगळंच."

तिने डोळा न काढता एका हाताने स्टुलाची कड पकडली, दुसऱ्याने भावाचा दंड.

"इतकी वर्षं मी इथे बसून भांडी घासली," ती म्हणाली, "आणि हे मला फिरवत होतं?"

सकाळी ती गेली. मी अजून उघडी काचच आहे. मुलाम्यासाठी मला पाठवायचं राहूनच जातं, कारण संध्याकाळ झाली की कुणी ना कुणी अंगणात येऊन उभं राहतं आणि चष्मेवाल्याला आता कुणाला 'थांबा' म्हणवत नाही.

तुमच्या दारातही हाच उजेड रोज उतरतो. इतक्या लांबून येतो बिचारा, आणि शेवटच्या वितीवर त्याला कुणाचा डोळा भेटत नाही. बाहेर या. मी तोंड वर करून बसलोच आहे.