मधल्या आकड्यावर थरथरलेली चांदणी

ही गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातली. मित्रांनो, मी एक जुनी रबरी चांदणी आहे. मोटार आणि पंप यांच्यामध्ये, कपलिंगच्या लोखंडी जबड्यांत माझी जागा होती. मोटारीचा फेरा पंपाला पोचवायचा आणि दोघांचे धक्के आपण खायचे, हे माझे काम. ‘वर्षानुवर्षं चालेल,’ असे दुकानदार म्हणाला होता. त्याने आमच्या कापडे गावचे पंपघर पाहिले नव्हते.

तिथे माझ्या आधीच्या बहिणी एकामागून एक फाटल्या होत्या. शेवटी पंप चालवणाऱ्या गोमाजीने आपली डावी चप्पल कापून तिचा तुकडा बसवला. तोही फाटला. मग एका चपलेने पोलादपूरला जाऊन त्याने मला आणले.

मोटारीचा वेग कमीजास्त करायची एक पेटी होती. कमी वेगात खालच्या वाडीला पाणी पुरे, जास्त वेगात ते वरच्या वाडीपर्यंत चढे. दोन्हीकडची भांडणे नकोत म्हणून गोमाजीने आकडा बरोबर मध्ये ठेवला होता. त्या आकड्यावर सारे पंपघर थरथरायचे.

त्यातच वरच्या वाडीतल्या येसूबाईंची नात श्रुतिका हिचे लग्न ठरले, तेही खालच्या वाडीत. हळद तोंडावर आली आणि माझी एक पाकळी तुटली. लोखंडावर लोखंड आपटू लागले. गोमाजीने पंप बंद केला.

येसूबाई रिकामी कळशी घेऊनच आल्या. “पोरीला कोरडी हळद लावू काय रे?”

“काकी, चांदणी फाटली. मी काय करू?”

“किती फाडशील? आभाळात तरी ठेव दोन-चार.”

बिरवाडीहून साहिल फिटर आला. मोटार आणि पंप एका रेषेत आहेत का, हे त्याने पट्टी लावून पाहिले. ते सरळच होते. माझ्या जागी नवी बहीण बसवून त्याने वेग हळूहळू वाढवला. आधी सगळे शांत, मध्ये थरथराट, पुढे पुन्हा शांत.

“काका, हा मधला आकडा कोणी ठेवला?”

“मीच. न्यायाचा हाय तो. एक वाडी माहेर, एक सासर. उद्या बोल नको.”

“न्यायाचा असंल, पण त्यावर पंपाला हिव भरतं. तिथं थांबायचंच नाय. सकाळी कमी वेगानं खालच्यांना सोडा, दुपारी जास्त वेगानं वरच्यांना.”

“म्हंजे भेदभाव?”

“पाळी, काका.”

“पाळी लाव म्हणून मी कधीची सांगते,” येसूबाई म्हणाल्या. “पण माझ्या हातात पाना नव्हता ना.”

साहिलने पेटीला तो आकडा ओलांडून जायला शिकवले. हळद ओलीचिंब झाली.

साहिलची आता आसपासच्या गावांतही पंप पाहायला ये-जा असते. गोमाजीला वाडीने चपलांचा नवा जोड दिला, पण तो त्याने जपून घरीच ठेवला आहे. नवी चांदणी अजून शाबूत आहे. मी येसूबाईंच्या दाराखाली अडकण म्हणून असते. मित्रांनो, रबर पुन्हापुन्हा फाटले तर रबराला नावे ठेवू नका. त्याला थरथरवते कोण, ते आधी पाहा.

श्रुतिका माहेरी आली की दारातच, माझ्यावर पाय ठेवून, म्हणते, “आजी, तुमच्या वाडीला पाणी जास्त सोडतात गो.”